उंबरठ्यावरची पेटी

विकतचे घ्यावे की घरी करावे, हा वाद मराठी घरात जितका जुना आहे तितकाच न संपणारा आहे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, उन्हाळ्यातील कुरडया आणि दिवाळीतील अनरसे यांच्या निमित्ताने तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. विकतच्या बाजूने बोलणारा वेळेचा आणि श्रमांचा हिशेब मांडतो. घरच्या बाजूने बोलणारा चवीचा हवाला देतो. परंतु मला पुष्कळदा वाटते की, या वादात चव ही केवळ पुढे केलेली असते. घरच्या भाजणीचे खरे सुख तिच्यात काय काय पडले आहे हे आपल्याला ठाऊक असते, यात आहे. त्या पिठातला प्रत्येक दाणा आपल्या डोळ्यांसमोर भाजलेला असतो. विकतच्या पुडीवर सारे काही छापलेले असूनही ती आपल्याला परकीच वाटते, ती यामुळेच.

हा वाद एक दिवस स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून आमच्या बैठकीच्या खोलीत येईल, आणि तोही राउटर नावाच्या एका लहानशा काळ्या पेटीवरून रंगेल, असे मात्र मला वाटले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात तो रंगला, आणि त्यात माझ्यासारख्या लेखापरीक्षण खात्यातील रूक्ष माणसालाही बाजू घ्यावी लागली.

राउटर म्हणजे काय, हे सरकारी नोकरीतील वाचकांस समजावून सांगणे फारसे कठीण नाही. ते आपल्या कचेरीतील आवक-जावक कारकुनाचे काम आहे. बाहेरून आलेले प्रत्येक पाकीट कोणत्या विभागाचे, हे पाहून ते तिकडे धाडावयाचे. आणि आतून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची नोंद ठेवून ते बाहेर सोडावयाचे. बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच पत्ता ठाऊक असतो, जसा साऱ्या मंत्रालयाचा एकच टपालपत्ता असतो. आत मात्र प्रत्येक भ्रमणध्वनीला, संगणकाला आणि दूरचित्रवाणीसंचाला निराळा पत्ता असतो. हे पत्ते ती पेटीच वाटते, आणि तेही ठराविक मुदतीपुरते. मुदत संपली की नूतनीकरण करून घ्यावे लागते. दिल्लीत सरकारी निवासस्थानाच्या वाटपासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे, त्यांना या व्यवस्थेचे मर्म सांगावयास नको; फरक इतकाच की, येथे वाटप क्षणार्धात होते. घरगुती पत्त्यांसाठी काही आकडे १९९६ साली कायमचे राखून ठेवण्यात आले. म्हणून करोल बागेतील पेटी आणि वाईतील पेटी आपापल्या घरात बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारेच पत्ते वाटीत असतात, आणि तरीही कोणाचे पत्र कोणाकडे जात नाही.

या कारकुनाकडे आणखी एक काम असते, ते स्वागतकक्षातील पहारेकऱ्याचे. आतल्या कोणी बोलावले असेल तरच बाहेरच्याला प्रवेशपत्र द्यावयाचे, एरवी दारातूनच परत पाठवावयाचे. घरातील कोणी काही मागितले, तर त्याचे उत्तर आत येते. न मागता आलेला पाहुणा बाहेर राहतो. दारावर बसणारा हा इसम विश्वासू असावा की नसावा, याबद्दल दोन मते होऊ शकत नाहीत. मतभेद झाला तो त्याला बाजारातून आणावे की घरात घडवावे, याविषयी.

आमचे घर म्हणजे करोल बागेच्या वेस्टर्न एक्स्टेन्शनमधील एका जुन्या इमारतीचा भाड्याने घेतलेला दुसरा मजला. भिंती नऊ इंची विटांच्या, आणि मधल्या खोलीला खिडकी नाही. सज्जात उभे राहिले की समोर तारांचे असे जाळे दिसते की, आकाश चौकड्यांच्या कागदावर काढल्यासारखे वाटावे. या घरात आम्ही तिघे, मी, सौ. आणि नुकताच बारावी झालेला चिरंजीव. माझी आई वाईला. तिचे वय ब्याऐंशी. दिल्लीचा हिवाळा तिला मानवत नाही आणि दिल्लीचा उन्हाळा कोणालाच मानवत नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी सात वाजता, देवापुढे दिवा लावून झाला की, ती पडद्यावर येते. गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला माणसाचा चेहरा स्थिर असेल तरच नीट दिसतो. हलणारा, तुटणारा, चौकोनांत विस्कटणारा चेहरा तिला दिसत नाही, मग ती नुसती कान देऊन बसते आणि थोड्या वेळाने म्हणते, “असू दे, उद्या बोलू.”

असे वारंवार होऊ लागले. आमच्या तारेचा वेग कमी नव्हता. सेकंदाला शंभर मेगाबिट म्हणजे एका घराला पुरून उरावा असा. दोष होता तो रांगेत. चिरंजिवाने एखादी मोठी चित्रफीत बाहेर पाठवावयास घेतली की, त्या कंपनीने दिलेल्या पेटीत तिची हजारो पाकिटे एकामागून एक उभी राहत. आणि आजीशी चाललेल्या संभाषणाची चिमुकली पाकिटे त्या साऱ्यांच्या मागे. टपालाच्या खिडकीवर एकच गृहस्थ गोणीभर पत्रे घेऊन उभा असावा आणि त्याच्या मागे एक पोस्टकार्ड घेतलेली म्हातारी ताटकळावी, तसा हा प्रकार. रांग लांबवीत नेण्यासाठी यंत्रात जागा भरपूर ठेवलेली असते, आणि यंत्र बनविणाऱ्याला तो आपला उदारपणा वाटतो. प्रत्यक्षात त्या प्रशस्त जागेनेच विलंब वाढतो. या दुखण्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या दोघांनी २०१२ साली उपाय प्रसिद्ध केला. रांग किती लांब आहे हे मोजू नका, पाकीट रांगेत किती वेळ उभे आहे हे मोजा. आणि वेळ फार होऊ लागला की, पाठविणाऱ्याला आवर घालण्याची सूचना मिळेल असे करा. त्याला जोडून प्रत्येक संभाषणाची निराळी रांग करून आळीपाळीने सर्वांना पुढे घ्यावयाची रीतही त्याच सुमारास आली. शहाणपण साधे आहे. रेशनच्या दुकानावर उभ्या राहिलेल्या कोणाही गृहिणीला ते सुचले असते. पण आमच्या घरातल्या पेटीत ते नव्हते.

तेव्हा पेटी बदलावी हे ठरले. मी म्हणालो, बाजारात जाऊन चांगली नवी घेऊन येऊ. चिरंजीव म्हणाले, “बाबा, विकत कशाला? आपण घरीच करू.”

त्याचा बेत असा होता. नेहरू प्लेसमध्ये कचेऱ्यांनी काढून टाकलेले जुने संगणक मिळतात, त्यातला एक आणावयाचा. त्याला तार जोडण्याचे दुसरे द्वार बसवावयाचे. एक द्वार बाहेरचे, एक आतले. त्यावर मोफत मिळणारी राउटरची आज्ञावली चढवावयाची, की झाला राउटर तयार. त्याच्या बोलण्यात तारुण्याचा उत्साह होता, तसा अभ्यासही होता. त्याने मला एक हकीकत सांगितली, ती येथे देण्यासारखी आहे. २००२ च्या अखेरीस अमेरिकेतील लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा घरगुती राउटर बाजारात आणला. काही जिज्ञासू लोकांनी तो तपासला, तेव्हा त्याच्या पोटात लिनक्स ही सर्वांसाठी खुली असलेली प्रणाली आढळली. त्या प्रणालीच्या परवान्याची अट अशी की, ती घातलेली वस्तू जो विकेल त्याने तिचा मूळ लिखित पाठ मागणाऱ्याच्या हाती दिला पाहिजे. लोकांनी तो मागितला, आणि २००३ साली कंपनीने तो खुला केला. त्या पाठातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा उपक्रम जन्मला. जगभरातील हौशी आणि जाणकार मंडळी तेव्हापासून त्यात भर घालीत आहेत. “म्हणजे बाबा,” तो म्हणाला, “आत काय आहे ते बघायचा हक्क लोकांनी मागून घेतला.” माझ्यासारख्या लेखापरीक्षकाला यापेक्षा पटणारे वाक्य दुसरे कोणते असणार? मूळ कागदपत्रे पाहिल्यावाचून हिशेब मान्य करावयाचा नाही, हेच तर आमचे ब्रीद.

त्याचे दुसरे म्हणणे सुरक्षिततेविषयी होते. विकतच्या राउटरला कंपनी काही वर्षे दुरुस्त्या पुरविते आणि मग थांबते. पेटी मात्र चालूच राहते. पहारेकरी निवृत्त झाला आहे, पण स्टुलावरून उठलेला नाही, अशी ती अवस्था. शिवाय पुष्कळ घरांत कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द कोणी बदललेलाच नसतो. २०१६ साली मिराई नावाच्या एका उपद्रवी आज्ञावलीने असे ठराविक शब्द लावून पाहत लक्षावधी राउटर आणि कॅमेरे आपल्या कह्यात घेतले; आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या फौजेच्या माऱ्याने अमेरिकेतील अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास लोकांना दिसेनाशी झाली. ज्यांच्या घरातील पेट्या त्या फौजेत होत्या, त्या गृहस्थांना त्याचा पत्ताही नव्हता.

माझी बाजू तुलनेने गद्य होती. राउटर हा देवघरातील नंदादीपासारखा असतो. तो रात्रंदिवस तेवत ठेवावा लागतो. जुना संगणक चाळीस वॅट खातो असे धरले, तर महिन्याला सुमारे एकोणतीस युनिट होतात. लहान पेटी दहा वॅटची धरली, तर सात. मे महिन्यात, जेव्हा करोल बागेतील भिंती मध्यरात्रीही तापलेल्या असतात, तेव्हा घरात आणखी एक शेगडी कशाला? वीज गेली की लहान पेटी बारा व्होल्टच्या एका वीतभर बॅटरीवर दोन-तीन तास निभावून नेते; संगणकाला ते जमत नाही. आणि संगणक करून करून राउटर होईल, वाय-फाय होणार नाही. लहरी फेकण्याच्या कामात साध्या संगणकातील कार्ड कच्चे असते. त्यासाठी निराळे यंत्र घ्यावेच लागते. आमच्या शय्यागृहातून एका रात्री चिरंजिवाने मोजली, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची त्रेचाळीस वाय-फाय जाळी दिसत होती. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा अवघ्या तीन. त्रेचाळीस बैठकी तीन वाटांवर भरल्या आहेत, आणि जो तो आवाज चढवून बोलतो आहे! ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वाटा अधिक आहेत, पण नऊ इंची भिंत दिसली की त्या लहरी अवसान गाळतात.

हे सगळे आक्षेप खरे होते. तरी ते माझे मुख्य आक्षेप नव्हते. मुख्य गोष्ट मी बोललो नव्हतो, कारण ती घरातील प्रत्येकालाच ठाऊक होती. जूनमध्ये माझ्या बदलीचा हुकूम आला होता. सप्टेंबरात शिलाँगला रुजू व्हावयाचे होते. चिरंजीव ऑगस्टमध्ये दक्षिणेतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणार होते. सौ.ची शाळेतील नोकरी दिल्लीत, त्यामुळे ती येथेच राहणार. म्हणजे शरद ऋतू येईतो एका घराची चार घरे होणार होती. वाई, शिलाँग, दक्षिणेतले वसतिगृह आणि करोल बाग. या चारींना बांधणारा धागा करोल बागेतील त्या पेटीतून जाणार होता, आणि तिच्यापाशी असणार होती एकटी सौ. मुलाने हौसेने घडविलेले यंत्र मुलगा असेपर्यंत ठीक. तो गेल्यावर ते बंद पडले, तर कोण उघडणार?

बदलीच्या नोकरीतील माणसाचा स्वभावही यात आला. आपण वाचक बहुतेक याच जातीचे आहोत. आपण भिंतीला खिळा ठोकण्याआधी विचार करतो. आंब्याचे रोप कुंडीत लावतो, जमिनीत लावीत नाही. सामान असे घेतो की जे पेटाऱ्यात मावेल आणि उतरविताना फुटणार नाही. घडविणे हे मुक्काम असणाऱ्याचे काम आहे, असा एक समज आपल्या मनात नकळत मुरलेला असतो. मुलाच्या “घरीच करू” या शब्दांत “घर” हा शब्द त्याने किती सहज उच्चारला, याचे मला थोडेसे नवल वाटले, आणि थोडेसे वाईटही.

वाद असा अडून बसला असता आमचे घरमालक त्यात पडले. ते तळमजल्यावर राहतात. साऱ्या इमारतीचे ते बाऊजी. त्यांचे वडील १९४७ साली रावळपिंडीहून निर्वासित होऊन करोल बागेत आले. नवी दिल्ली बांधली जात असताना हलविलेल्या लोकांची ही वस्ती. फाळणीनंतर ती पश्चिम पंजाबच्या लोकांनी भरून गेली. पिंडीत त्यांचे कापडाचे दुकान होते. येथे आल्यावर त्यांनी रेडिओ जुळविण्याची विद्या उचलली. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमधून सुटे भाग आणावयाचे, सुताराकडून लाकडी पेटी करून घ्यावयाची, आणि घरी बसून संच जुळवावयाचा. नामांकित कंपनीचा संच ज्यांना परवडत नसे ती मंडळी हा ‘लोकल सेट’ घेत. त्यांत दक्षिणी कारकून असत, बंगाली असत आणि आपले महाराष्ट्रीयही असत. संध्याकाळच्या मराठी बातम्यांसाठी ते संच लावीत. त्या काळी संच घरात ठेवावयाचा तर टपालकचेरीतून परवाना काढावा लागे; १९३३ च्या बिनतारी कायद्याचा तो अंमल होता, आणि ऐंशीच्या दशकात तो परवाना गेला. आज आपण वाय-फायसाठी परवाना काढीत नाही, याचे कारण २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा अटींवर परवानामुक्त केला. एरवी या पेटीसाठीही आपण टपालाच्या खिडकीवर उभे राहिलो असतो!

बाऊजींनी आमच्या दोघांचेही म्हणणे शांतपणे ऐकले. मग त्यांनी जे सांगितले, त्याचा मतलब असा. त्यांच्या वडिलांकडून लोक संच घेत, ते तो स्वस्त म्हणून घेत हे खरे. पण एकदा घेतल्यावर पुन्हा त्यांच्याकडेच येत, ते त्यामुळे नव्हे. कंपनीचा संच बिघडला तर तो दूर पाठवावा लागे. हा बिघडला तर तो कोणीही उघडू शके, कारण वडील प्रत्येक संचाच्या मागच्या फळीवर आतून त्याचा नकाशा चिकटवून देत. कोणी विचारले की मग गिऱ्हाईक दुसरीकडे दुरुस्तीला जाणार नाही का, तर ते म्हणत की, जाऊ दे. संच बंद पडून राहण्यापेक्षा ते बरे. “वस्तू कोणी बनवली ते विचारू नका, साहेब,” बाऊजी आपल्या हिंदीत म्हणाले, “ती कोण उघडू शकतो ते विचारा.”

एखादा प्रश्न सुटावा म्हणून आपण त्याची दोन टोके घट्ट धरून ओढीत असतो. आणि कोणीतरी येऊन गाठ भलतीकडेच आहे हे दाखवितो. विकतचे आणि घरचे हे द्वंद्वच मुळी अपुरे होते. घरी जुळविलेला संगणक जर फक्त चिरंजिवालाच उघडता येणार असेल, तर सौ.च्या दृष्टीने तो बाजारातल्या बंद पेटीहून निराळा नव्हता. उलट बाजारातील पेटी जर अशी असेल की तिच्यात काय आहे ते वाचता येते आणि बदलता येते, तर ती विकतची असूनही घरची होऊ शकत होती.

मग मार्ग निघाला. सोमवारी करोल बागेचा बाजार बंद, म्हणून मंगळवारी आम्ही बापलेक गफ्फार मार्केटात गेलो. सरहद्द गांधी खान अब्दुल गफ्फार खान यांच्या नावाचा हा बाजार भ्रमणध्वनींच्या दुरुस्तीसाठी साऱ्या उत्तर भारतात प्रसिद्ध आहे. चार फूट रुंदीच्या गाळ्यात, भिंगाच्या दिव्याखाली, वीस-बावीस वर्षांची मुले तांदळाच्या दाण्याहून लहान भाग चिमट्याने उचलून बसवीत असतात. उघडण्याच्या विद्येचे ते विद्यापीठच म्हणावयास हरकत नाही. चिरंजिवाने घरून एक यादी नेली होती. ओपनडब्ल्यूआरटी कोणकोणत्या यंत्रांवर चालते, त्यांची. तेथे मला कळले की एकाच नावाच्या, एकाच चेहऱ्याच्या राउटरच्या दोन आवृत्त्या आतून सर्वस्वी भिन्न असू शकतात. म्हणून पेटी उलटी करून तळाच्या चिठ्ठीवरील आवृत्तीचा अंक वाचल्याखेरीज पैसे मोजावयाचे नसतात. स्मृतीही बघावी लागते. साठवणीची सोळा मेगाबाइट आणि कामाची एकशे अठ्ठावीस मेगाबाइट याहून कमी असेल, तर तिच्यात आजची आज्ञावली सुखाने नांदत नाही. तीन दुकाने हिंडून यादीत बसणारी एक वापरलेली पेटी अठराशे रुपयांना मिळाली. मी पावती मागितली. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले ते, हा मनुष्य सरकारी आहे हे ओळखूनच!

त्या रात्री चिरंजिवाने पेटीतली मूळ आज्ञावली काढून नवी चढविली. हे काम सुरू असताना वीज गेली तर यंत्र निर्जीव होते. त्याची ‘वीट झाली’ असे या विद्येतील लोक म्हणतात. वीज गेली नाही. कंपनीची जुनी पेटी काढून टाकता येत नव्हती, कारण प्रकाशतंतूतून येणाऱ्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणे हे काम तिचे होते. ते तिच्याकडे ठेवून बाकीचा कारभार नव्या पेटीकडे दिला. मग त्याने रांगेची शिस्त लावली. युक्ती अशी की, तारेचा वेग शंभर असेल तर आपल्या पेटीला नव्वदाचीच मर्यादा घालावयाची. म्हणजे रांग लागली तर ती कंपनीच्या दारात लागत नाही, आपल्या ओसरीवर लागते; आणि ओसरीवरच्या रांगेत कोणाला कधी पुढे घ्यावयाचे हे आपल्या हाती राहते. दहा अंश वेग सोडून दिला आणि निश्चिंती घेतली. अंदाजपत्रकाशी आयुष्यभर झुंजलेल्या माणसाला या व्यवहाराची थोरवी लगेच उमगावी.

दुसऱ्या दिवशी सात वाजता त्याने मुद्दाम एक भलीमोठी चित्रफीत पाठवावयास लावली आणि आजीला फोन जोडला. आईचा चेहरा पडद्यावर आला आणि स्थिर राहिला. अर्धा तास ती बोलत होती. कृष्णेला आलेल्या पाण्याविषयी, शेजारच्या मुलीच्या लग्नाविषयी, आपल्या पथ्याविषयी. मध्येच थांबून तिने विचारले, “तू बारीक झालास का रे?” तिला मी दिसत होतो.

येथे ही गोष्ट संपावयास हरकत नव्हती. पण सौ.ने एक अट घातली. ती म्हणाली, “तुम्ही दोघे जाणार. जाताना कचेरीत जसा प्रभार सोपविता, तसा याचा मला लेखी सोपवा.” चिरंजिवाने प्रथम कुरकुर केली, यंत्र समजणाऱ्याला ते समजावून सांगणे नेहमीच जड जाते. पण बाऊजींच्या वडिलांचा नकाशा त्याला आठवला असावा. त्याने शंभरपानी वही घेतली आणि मराठीत, एका पानावर एक गोष्ट, अशा रीतीने सर्व लिहून काढले. कोणता दिवा हिरवा असला म्हणजे सर्व ठीक. लाल झाला तर आधी काय, नंतर काय. परवलीचा शब्द कोठे ठेवला आहे. सुधारित आवृत्ती आली की कशी चढवावयाची आणि त्याआधी जुनी मांडणी कशी जतन करावयाची. आणि सगळेच बिघडले तर ही पेटी काढून कंपनीची जुनी पेटी पुन्हा कामाला कशी लावावयाची. शेवटच्या या पानाचे मला विशेष कौतुक वाटले. आपल्या हातची वस्तू बाजूला ठेवून दुसरी कशी वापरावी, हे जो स्वतःच लिहून देतो, त्याला घडविण्याचा अर्थ कळला असे म्हणावे. मग सौ.ने वही समोर ठेवून, कोणालाही न विचारता, सारे एकदा करून पाहिले. जेथे ती अडली तेथे चिरंजिवाने उत्तर दिले नाही; वहीत दुरुस्ती केली.

ऑगस्टमध्ये तो गेला. सप्टेंबरात मी शिलाँगला आलो. येथे पाऊस पुष्कळ आणि संध्याकाळ लवकर होते. दिल्लीत अजून ऊन असते तेव्हा माझ्या खिडकीबाहेर अंधार पडलेला असतो. सात वाजता आम्ही चौघे चार गावांहून एकत्र जमतो. नोव्हेंबरातील एका संध्याकाळी करोल बाग पडद्यावर उगवले नाही. आईने दोनदा विचारले, आणि मी दोनदा काहीतरी उत्तर दिले. शिलाँगहून दिल्लीतील एक तार खोचणे मला शक्य नव्हते. चिरंजिवाची परीक्षा चालू होती. वीस मिनिटांनी सौ. आली, आणि काही झालेच नाही अशा सुरात आईंना म्हणाली, “आज तुमची पेज जेवून झाली का?” काय बिघडले होते, हे तिने आम्हांला त्या दिवशी सांगितले नाही.

हिवाळ्याच्या सुटीत दिल्लीला गेलो तेव्हा ती वही मी सहज चाळली. परीक्षकाचा हात वहीकडे जातोच. चिरंजिवाच्या बारीक अक्षराखाली आता सौ.चे ठसठशीत अक्षर सुरू झाले होते. दिनांक, वेळ, काय दिसले, काय केले, किती वेळ लागला, अशा पाच रकान्यांत तिच्या नोंदी होत्या. दोन ठिकाणी तिने मुलाची सूचना खोडून, कारण देऊन, आपली लिहिली होती. एक सुधारित आवृत्तीही तिने एकटीने चढविली होती. पहिल्या पानावर, साऱ्या सूचनांच्या वर, लाल शाईने एक ओळ होती. ती मुलाने लिहिलेली नव्हती.

“संध्याकाळी सात ते साडेसात आईंची वेळ. या अर्ध्या तासात कोणीही, कोणत्याही कारणाने, कसलाही बदल करू नये.”

खाली तिची सही होती, आणि प्रभार घेतल्याची तारीख.